आबाजींचं रिव्हॉल्व्हर नावावर आलं, आता पुढं काय?

आमच्या घरी टिनाच्या पेटीत, चामड्याच्या खोळीत एक रिव्हॉल्व्हर आहे हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण ते हक्कानं हातात घ्यायची वेळ आली तेव्हा माझी चाळिशी उलटून गेली होती. आबाजींनी घेतलेलं, मग बाबांच्या नावावर, आता माझ्या. गाव आमचं चिमूरकडचं, ताडोबाच्या जंगलापासून फार लांब नाही, त्यामुळं लायसन झालं म्हटल्याबरोबर पारावरच्या मंडळींनी एकच विचारलं, "मंग भाऊ, कधी वाजवून दाखवून राहिले?" खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तेच होतं. आता दीड वर्ष झालं, त्यातून मी मोजून तीस राउंड, म्हणजे काडतुसं, झाडले असतील, तेही नेमबाजीच्या रेंजवर, आणि जे काही शिकलो ते जवळपास सगळं रिव्हॉल्व्हर रिकामं असतानाच शिकलो.

तुमच्याकडं असं वारसानं आलेलं किंवा कोणाकडून रीतसर घेतलेलं जुनं हत्यार असंल तर कोणत्या क्रमानं जायचं ते सांगतो. मी स्वतः या क्रमानं गेलो नाही, त्याचे फटके पण मधेमधे सांगतोच.

पहिले कागद, मग लोखंड

वस्तू घरातली आहे म्हणजे आपली आहे असं शस्त्रांच्या बाबतीत नसतं. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम, या दोघांच्या हिशोबानं लायसन माणसाच्या नावाचं असतं, घराच्या नाही. बाबा गेले आणि रिव्हॉल्व्हर कपाटातच राहिलं तर त्या दिवसापासून ते घरात ठेवायचा कोणालाच हक्क नाही. अशा वेळी उशीर न करता पोलीस ठाण्यात नाही तर लायसनधारक डीलरकडं जमा करायचं आणि पावती घ्यायची, मग निवांत वारसाचा अर्ज करायचा. तेरवी होऊ द्या, वर्षश्राद्ध होऊ द्या असं करत बसलं की प्रकरण अंगावर येतं, कारण विनापरवाना हत्याराला आता २ ते ५ वर्षांची शिक्षा आहे.

आमचं सोपं गेलं कारण बाबा हयात होते. लायसनधारकाचं वय ७० झालं किंवा हत्यार त्याच्याकडं २५ वर्षं झालं, यातलं जे आधी होईल त्यानंतर तो जिवंतपणीच वारसाच्या नावावर करून देऊ शकतो, ही सोय नियमातच आहे आणि लोकांना ती माहीतच नसते. घरात म्हातारं माणूस लायसनधारक असंल तर हे काम आत्ताच करून टाका. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात, नागपूर किंवा अमरावती शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तांकडं. पोलीस पडताळणी, मेडिकल सर्टिफिकेट, शस्त्र हाताळणीच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, भावाबहिणींची ना हरकत, हे सगळं लागतं आणि वेळ लागतो. वय २१ च्या वर पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारं ठेवता येतात, आधी तीन चालायची, आणि लायसनची मुदत ३ ची ५ वर्षं झाली.

आमच्या भागात अजून एक भानगड आहे. अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या लायसनधारकाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वनखात्याकडं नोंदणी करायची असते, आणि तिथं नवीन लायसन द्यायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. ताडोबा-अंधारी, मेळघाट, बोर, टिपेश्वर, नागझिरा, या सगळ्यांच्या आजूबाजूच्या गावांनी हे ध्यानात ठेवा. हत्यार सोबत घेऊन जंगलातल्या शॉर्टकटच्या रस्त्यानं जायचं तर अजिबात नाही, अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार नेणं हाच गुन्हा आहे, मग ते तुम्ही खोळीतून काढा की नका काढू.

"अॅन्टिक आहे हो, त्याला काय लायसन लागते" असं सांगणारा एक शहाणा प्रत्येक गावात असतो. कायद्यातली सूट फक्त अशा जुनाट वस्तूला आहे जी दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालूच शकत नाही. आबाजींचं रिव्हॉल्व्हर जंग खाल्लेलं असंल, घोडा (काडतुसावर आपटणारा मागचा भाग) अडकत असंल, पण एखादी स्प्रिंग बदलून चालण्यासारखं असंल तर ते कायद्यानं पूर्ण हत्यार आहे, बात खतम.

नंबर आणि बोअर स्वतःच्या डोळ्यानं वाचा

लायसनवर तीन गोष्टी असतात, हत्याराचा प्रकार, बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, आणि नंबर. त्या तिन्ही लोखंडावरच्या खुणांशी जुळवा, आणि हे काम दुसऱ्यावर सोडू नका. आमच्या बाबतीत एका कार्यालयात जुन्या पुस्तकातून नवीन पुस्तकात उतरवताना ७ चा १ झाला होता. एवढीशी रेघ, पण नाक्यावर कोणी तपासलं असतं तर कागदावरचं रिव्हॉल्व्हर एक आणि कमरेचं दुसरं. दुरुस्त करायला तीन चकरा लागल्या, चिमूर ते चंद्रपूर, भर मे महिन्यात.

बोअरचं तर याहून मोठं आहे. आमचं रिव्हॉल्व्हर वेब्ली, बर्मिंगहॅमचं, वेब्ली अँड स्कॉट कंपनीचं. १८८७ साली ब्रिटिश फौजेनं यांचं .४५५ चं रिव्हॉल्व्हर घेतलं, पहिल्या महायुद्धात १९१५ पासून त्याचं सहावं मॉडेल आलं, नंतर फौजेला ते जड वाटायला लागलं म्हणून .३८ वर उतरले. आता गंमत अशी की वेब्लीचं मार्क फोर मॉडेल .३८ मधे पण यायचं आणि .३२ मधे पण, लांबून दोन्ही सारखेच, पण आपल्याकडं .३८ आणि .४५५ हे प्रोहिबिटेड बोअर आहेत, म्हणजे जिल्ह्यातून लायसन मिळत नाही, ते केंद्राच्या गृहखात्याचं काम. .३२ साध्या लायसनवर चालतं. त्यामुळं "बाबा सांगत होते बत्तीसचं आहे" याच्यावर जाऊ नका. नळीवरची खूण भिंगानं वाचा आणि खूण पुसट असंल तर डीलरकडून मोजून घ्या.

इथंच मी पहिली मोठी चूक केली. नळीच्या डाव्या अंगाला तपकिरी डाग होता, मला वाटलं जंग आहे, घरी सुताराचा बारीक पॉलिश पेपर पडला होता, दोन मिनिटं घासलं. डाग गेला आणि त्यासोबत प्रूफची खूण अर्धी गेली, मुकुटाखालचं एक अक्षर तेवढं राहिलं. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसमधे जास्त दाबाचं काडतूस झाडून नळी तपासायचे आणि मग तो शिक्का मारायचे, म्हणजे मी त्या रिव्हॉल्व्हरचा जन्मदाखलाच घासून टाकला. काळसर निळा मुलामा उडाला ते वेगळंच. जुन्या हत्याराला पॉलिश पेपर, राख, ब्रासो, भांडे घासायची जाळी, काही काही लावायचं नाही. तेलात भिजवलेली सुती चिंधी आणि सबुरी, बस.

उघडायचं कसं, ते आधी शिका

रोज संध्याकाळी दहा मिनिटं, घरात पोट्टे नसताना, मी एवढंच करायचो: उघडायचं, बघायचं, बंद करायचं. खोलीत एकही काडतूस नको, डबी दुसऱ्या खोलीत कुलपात. नळीचं तोंड अशा बाजूला जिथं चुकून सुटली तरी माणूस नाही, ढोर नाही. आमच्याकडं ती बाजू म्हणजे कोठ्याची जुनी मातीची भिंत, दोन हात रुंद आहे. बोट चापाच्या, म्हणजे ट्रिगरच्या, बाहेर, वरच्या लोखंडावर सरळ ठेवलेलं. हत्यार हातात आलं की ते भरलेलंच आहे असं समजायचं, तुम्ही दोन मिनिटांपूर्वी स्वतः रिकामं केलं असलं तरी. दुसऱ्याच्या हातात द्यायचं तर उघडून द्यायचं, घ्यायचं तरी उघडलेलंच घ्यायचं.

वेब्लीसारखं रिव्हॉल्व्हर मधून मोडतं, बारा बोअरच्या बंदुकीसारखं. घोड्याच्या बाजूला डावीकडं अंगठ्याचा खटका आहे, तो दाबला की नळी खाली झुकते, काडतुसांची सहा घरं असलेली चक्री वर येते आणि मधली चांदणी उचलून सहाही काडतुसं एकदम बाहेर ढकलते. बाहेर पडलं म्हणजे रिकामं झालं असं समजायचं नाही. सहाही घरं एकेक करून बघायची, मग करंगळीचं टोक लावून मोजायची, कारण कधी एखादी रिकामी टोपी, म्हणजे झाडलेल्या काडतुसाचं पितळ, चांदणीच्या खाली सरकून अडकून बसते. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर पण याच मोडायच्या पद्धतीचं आहे, त्यामुळं ज्यांच्याकडं ते आहे त्यांनाही हे लागू.

उघडलेलं असताना चक्री हातानं फिरवून मजा घेऊ नका, आणि बंद करताना सिनेमातल्यासारखं मनगटाच्या झटक्यानं तर कधीच नाही. झटक्यानं बिजागरी आणि खटका ढिला होतो, आणि या जातीच्या रिव्हॉल्व्हरची सगळी ताकद त्या खटक्यात असते. दोन हातांनी, हळू, टक् आवाज येईपर्यंत.

म्हाताऱ्याची तब्येत तपासणे

हे सगळं रिकाम्यावर करायचं. आपण बघायचं आणि शेवटी लायसनधारक गनस्मिथकडूनही, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडूनही, बघून घ्यायचं, दोन्ही पाहिजे. बैल घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, तसंच आहे हे.

बंद करा आणि एका हातानं मूठ धरून दुसऱ्या हातानं नळी वरखाली हलवून बघा. सांध्यात खडखड जाणवली तर खटका झिजला. मग चक्री मागंपुढं ढकला, थोडी हालचाल चालते, डोळ्याला स्पष्ट दिसत असंल तर नाही. आता घोडा अंगठ्यानं अगदी हळू मागं ओढा आणि चक्रीकडं बघत राहा. घोडा पूर्ण मागं अडकला त्या क्षणी चक्री पण जागेवर घट्ट बसलेली पाहिजे. ती अजून थोडी हलवून बसवावी लागत असंल तर घर आणि नळी एका रेषेत येत नाही, मग गोळी कडेला घासून जाते आणि शिशाचे तुकडे बाजूनं उडतात. हे सहाही घरांवर बघा. आमच्यात पाच बरोबर होते आणि सहावं किंचित मागं राहायचं, मला दिसलंच नव्हतं, नागपूरच्या मिस्त्रीनं नखानं चक्री ढकलून दाखवलं तेव्हा कळलं. एक बारका पार्ट बदलावा लागला.

मग घोडा मागं अडकवून त्याला पाठीमागून अंगठ्यानं पुढं ढकला, चापाला हात न लावता. पडला तर त्या हत्याराला काडतूस दाखवायचं नाही, थेट मिस्त्री.

नळी बघायला मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरचा मोठा फायदा हा की मागच्या बाजूनं बघता येतं, तोंडात डोळा घालावा लागत नाही. उजेडाकडं धरा. आतल्या पिळाच्या रेघा चमकल्या पाहिजे. बारीक खड्डे असले तर अचूकपणा जातो, पण चालतं. काळी गोल कडी दिसली, सावलीसारखी, तर तिथं नळी आतून फुगलेली आहे, म्हणजे कधीतरी एक गोळी आत अडकली होती आणि मागून दुसरी झाडली गेली. तसली नळी वापरायची नाही.

घोड्याच्या टोकाची पिन तुटकी-चपटी तर नाही हे पण बघा. आणि रिकामं चाप ओढून टकटक करायची सवय लावून घेऊ नका, जुनी पिन चटकन मोडते आणि तिचा पार्ट मिळत नाही. सराव करायचाच तर खोटे राउंड मिळतात, ते भरून.

दुरुस्ती फक्त लायसन असलेल्याकडंच. लेथवाला कितीही कारागीर असू द्या, हत्यार दुरुस्त करायलाही शस्त्र कायद्यात वेगळं लायसन लागतं, नसलं तर तुम्ही दोघंही गोत्यात. घरच्या पेचकसानं स्क्रू खोलायला तर जाऊच नका. त्यांच्या खाचा बारीक आणि सरळ असतात, आपला पेचकस पाचरीसारखा, एका झटक्यात खाच खराब.

काडतूस म्हणजे नुसतं बत्तीस नाही

.३२ म्हटलं की झालं असं वाटतं ना, मला पण वाटलं होतं. .३२ मधे रिव्हॉल्व्हरचं आखूड वेगळं, लाँग वेगळं, मॅग्नम अजून लांब आणि जोरदार, आणि पिस्तुलाचं भलतंच. पिस्तुलाचं .३२ काही रिव्हॉल्व्हरमधे शिरतं पण, बसलं म्हणजे चालतं असं नाही, त्याचा दाब जास्त असतो. आपल्याकडचे .३२ रिव्हॉल्व्हर बहुतेक स्मिथ अँड वेसन लाँग वर चालतात, आणि देशी राउंड पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याचे असतात, बुडावर केएफ असं इंग्रजीत कोरलेलं असतं. पण जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरची चक्री कधी आखूड काडतुसासाठीच केलेली असते. नळीवर काय लिहिलंय, चक्रीचं घर किती लांब आहे, गनस्मिथ काय म्हणतो, हे तिन्ही जुळल्याशिवाय डबी घ्यायची नाही. किती राउंड ठेवता येतात ते लायसनवर लिहिलेलं असतं, तेवढेच.

पेटीत रिव्हॉल्व्हरसोबत एक जुनी डबी निघतेच. आमच्यात अकरा राउंड निघाले, पितळ हिरवं पडलेलं, दोन तर खोळीच्या चामड्याला चिकटून बसले होते. ते झाडायचे नाही, विहिरीत टाकायचे नाही, चुलीत तर देवा रे. ठाणेदाराला किंवा डीलरला सांगून जमा करायचे, नोंद करून.

पहिल्यांदा झाडायचं तर रेंजवर, सोबत जाणकार माणूस, कानाला आणि डोळ्याला संरक्षण. वावरात, नाल्यात, टेकडीला नेम धरून नाही. पहिल्या दिवशी चक्रीत एकच राउंड भरा. दोन्ही हातांची पकड मुठीवर, कोणतंही बोट चक्रीच्या पुढं नको, कारण चक्री आणि नळीच्या मधल्या फटीतून गरम वाफ बाजूला फेकली जाते, बोट भाजतं. चाप ओढला आणि फुटलंच नाही तर तोंड समोरच ठेवून अर्धा मिनिट थांबा, मग उघडा. आणि फुटलं पण आवाज फुसका आला, दिवाळीच्या सादळलेल्या फटाक्यासारखा, तर तिथंच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. ती काळी कडी आठवते ना, ती अशीच पडते.

जुन्या बऱ्याच रिव्हॉल्व्हरमधे, पडलं तर घोडा रोखून धरणारा आजच्यासारखा अडसर नसतो, नाही तर झिजलेला असतो. म्हणून जुने लोक सहाच्या जागी पाचच भरायचे, घोड्याखालचं घर रिकामं. मोटरसायकलवर खड्ड्यातून जाताना याची किंमत कळते.

पाऊस, दसरा आणि बाकीचं

खोळ कितीही सुंदर असू द्या, रिव्हॉल्व्हर तिच्यात ठेवायचं नाही. चामडं मृगापासूनच ओल धरतं आणि ज्या बाजूनं टेकतं तिथं जंग चढवतं. माझा तो तपकिरी डाग नेमका खोळीच्या शिवणीच्या रेषेत होता, हे घासून झाल्यावर कळलं. कोरड्या सुती कापडात, लोखंडी कपाटात, कुलपात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी काढून पुसायचं. गन ऑइल नसलं तर शिलाई मशीनचं पातळ तेल तात्पुरतं चालतं, अगदी एक थेंब चिंधीवर. खोबरेल नाही, ते थंडीत गोठतं आणि जवसाचं तर वाळून लाखेसारखं चिकटतं, आमच्या आबाजींनी काय लावलं होतं देव जाणे, पण चांदणीखालून जे निघालं ते दातकोरणीनं खरवडावं लागलं. झाडल्यावर त्याच दिवशी साफ करायचं, उद्यावर नाही. निकेलचा पांढरा मुलामा असंल तर अमोनिया असलेलं सॉल्व्हंट लावू नका, मुलामा सुटतो.

दसऱ्याला शस्त्रपूजा आपण करतोच. रिकामं, उघडं ठेवून करा, हळदकुंकू कोरडंच आणि पाटावर वाहा, लोखंडावर नाही, फुलाचं पाणी तर नकोच. आई म्हणाली, "काऊन रे, कुंकवानं का जंग लागते?" लागतो, ओलं झालं की लागतो, दुसऱ्या वर्षी आईनंच कोरडी अक्षता टाकली. पूजेचा फोटो स्टेटसला टाकायचा मोह आवरा, कुठं काय ठेवलंय ते साऱ्या तालुक्याला सांगायची गरज नाही.

पोळ्याला, वरातीत, निवडून आल्यावर हवेत फायर करायचा आग्रह होतो. २०१९ पासून त्याला वेगळं कलम आहे, २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वर गेलेली गोळी खाली कोणाच्या तरी टिनावर येतेच. रानडुकराचं पण विचारतात लोक. परवानगीशिवाय मारणं गुन्हा आहे आणि .३२ च्या गोळीनं डुक्कर मरत नाही, चिडतं.

निवडणूक लागली की ठाण्यातून हत्यार जमा करायची नोटीस येते. जमा करायच्या आदल्या रात्री नळीत, घरांत आणि बाहेरून नेहमीपेक्षा जरा जास्त तेल लावा आणि तेलकट कापडात गुंडाळा, खोळीत घालून देऊ नका, कारण तिथं दीड-दोन महिने ते दहा-पंधरा हत्यारांच्या ढिगात पडून राहणार, पुसणार कोणी नाही. देताना उघडून, रिकामं दाखवून द्या, पावतीवर नंबर समोरच वाचून घ्या आणि मोबाईलमधे फोटो काढून ठेवा. परत मिळालं की घरी आल्या आल्या पहिले नळीतून उजेड बघायचा, मग चहा.